‘घरी जायचंय ना?’ : मुलांची प्रकरणं चालवताना मी काय शिकले

सुरतेत लिंबायत, उधना या भागांत आपला खानदेश मोठ्या संख्येनं राहतो, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली ही माणसं. पुरुष लूमवर किंवा डाईंगमध्ये, बायका घरी बसून साड्यांना टिकल्या आणि स्टोन लावणाऱ्या. मी सुरतेत वकिली करते आणि मराठी बोलते, म्हणून त्यांची प्रकरणं माझ्याकडे येतात. आज त्यातल्याच एका प्रकरणाबद्दल बोलणार आहे. ते मी वाईट चालवलं होतं.

आधी एक खुलासा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण मुलाच्या नाव-पत्त्यासकट आदेशांचे फोटो वकिलांच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘छान ऑर्डर मिळाली’ म्हणून फिरताना मी पाहिले आहेत. तिथे कोणाला कलम ७४ आठवत नाही.

तर २०१७ सालची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते. एका खोलीत साड्यांना स्टोन चिकटवणारी मुलं सापडली. धाड पडली, मुलांना बालकल्याण समितीपुढे नेलं, तिथून बालगृहात. त्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाची आई तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. विधवा बाई, पदरात दोन मुलं. ‘ताई, मना पोऱ्या...’ एवढंच म्हणायची आणि थांबायची.

तेव्हा माझी पंधरा वर्षं वकिली झाली होती. फौजदारी कामं भरपूर केली होती. मला वाटलं, यात काय, मूल अडकलंय, सोडवायचं. मी वकीलपत्र भरलं, समितीपुढे उभी राहिले आणि जामिनाच्या अर्जावर करतात तसा युक्तिवाद केला. धाडीचा पंचनामा सदोष आहे. मूल चोवीस तासांत हजर केलं की नाही, याची नोंद नीट नाही. आईची संमती न घेता मुलाला ठेवून घेतलंय. सगळे मुद्दे कायद्यानं ठीक होते. समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे ऐकत होत्या. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यातले सगळे कायद्याचे पदवीधर नसतात. तिथे फिर्यादी नाही, आरोपी नाही. चौकशी एकाच गोष्टीची असते, या मुलाला आता काय हवं आहे. आणि मी लढत होते. कोणाविरुद्ध, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तीन तारखा गेल्या. चौथ्या तारखेला बाहेरच्या व्हरांड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाची एक तरुण समाजकार्यकर्ती मला म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही स्पॉन्सरशिपचा अर्ज का नाही दिला? मी तर अहवालात लिहिलंय.’

कोणता अहवाल? सामाजिक तपासणी अहवाल, नमुना क्रमांक २२. चौकशी सुरू झाली की तो पंधरा दिवसांत तयार व्हायला हवा. तो तयार होता, फाईलला लागला होता, आणि मी त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती. माझ्या मते तो ‘फॉर्म’ होता, भरून टाकायचा. कलम ९९ प्रमाणे असा अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश मुलाला आणि पालकांना कळवता येतो आणि त्यावर त्यांना आपलं म्हणणं, पुरावा मांडता येतो. हे कलम मी तोवर वाचलंच नव्हतं. समितीकडे अर्ज दिला, सार मिळालं. त्यात घरभाडं, आईची दिवसाची कमाई, धाकट्या बहिणीची शाळा, सगळं होतं. आणि शेवटी एक वाक्य, की कुटुंबाला आर्थिक आधार मिळाला तर मूल घरी पाठवता येईल.

कायद्याचं पुस्तक उघडलं. कलम ४५, प्रायोजकत्व. कोणाला मिळू शकतं याची यादी आहे, आणि यादीतली पहिलीच ओळ विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेल्या आईची आहे. माझ्या अशिलाचं वर्णन कायद्यात छापलेलं होतं आणि मी पंचनाम्यातल्या वेळा तपासत बसले होते. आज मिशन वात्सल्यमध्ये ही मदत मुलामागे महिना ४,००० रुपये आहे. तेव्हा कमी होती. पण त्या घरासाठी तेव्हाची रक्कमही मुलगा आणत असलेल्या पैशांपेक्षा जास्तच होती.

आता खरी गोष्ट सांगते, कारण एवढ्यावर थांबले तर असं वाटेल की एक कलम सापडलं आणि काम झालं.

त्या मुलाला मी तोवर भेटलेच नव्हते. आईची वकील होते ना. मग गेले. बालगृहाच्या ऑफिसात, एका बाजूला अधीक्षक बसलेले, मी त्याला विचारलं, ‘घरी जायचंय ना?’ तो म्हणाला, ‘हो.’ मी लिहून घेतलं, मूल घरी जाण्यास इच्छुक.

पुढे एका प्रशिक्षणात एक मानसतज्ज्ञ बाई आम्हाला म्हणाल्या की मराठीत ‘ना’ हा अक्षरभर शब्द आहे, पण उत्तर त्याच्या आतच असतं. ‘मारलं नाही ना?’, ‘आई आवडते ना?’, ‘भीती वाटत नाही ना?’ मोठ्या माणसानं असं विचारल्यावर मूल दुसरं काय म्हणणार? पुन्हा तोच प्रश्न विचारला तर मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. मग आपण उलटतपासणीत म्हणणार, साक्षीदार जबाब फिरवतो. पोक्सो कायद्यात कलम ३३ ची तजवीज याचसाठी आहे. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायालयाला द्यायचे आणि न्यायालयानं ते मुलाला विचारायचे. बरेच वकील याला बंधन समजतात. मीही समजायचे.

त्या प्रशिक्षणाआधीच, नशिबानं म्हणा, दुसऱ्या भेटीत मी वेगळं विचारलं. खरं तर वेळ जावा म्हणून विचारलं. अधीक्षक फोनवर बाहेर गेले होते. ‘घरी सकाळी उठल्यापासून काय काय होतं, मला सांग.’ तो बोलायला लागला. पाणी आठ वाजता जातं. बहिणीला शाळेत सोडतो. मग तो शेठ जिन्यावरून हाक मारतो. का? ‘आईनं उचल घेतलीय ना.’

त्याच्या तोंडचा ‘ना’ मात्र माहिती देणारा होता. बापाच्या आजारपणात आईनं कारखानदाराकडून पैसे उचलले होते आणि पोरगा ते फेडत होता. आईनं मला हे सांगितलं नव्हतं. अहवालातही नव्हतं. म्हणजे माझा ‘मुलाला तातडीनं घरी सोडा’ हा अर्ज पहिल्या तारखेला मंजूर झाला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर तो त्याच जिन्यावरून खाली उतरला असता. समिती सावकाश चालत होती म्हणून मी चिडत होते. पण त्यांच्या सावधपणाला काही कारण होतं, आणि ते माझ्याच फाईलमध्ये सापडायला हवं होतं.

अशा उचलीबद्दल कायदा काय म्हणतो हे मला पाठ होतं. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा १९७६ चा कायदा, वेठीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं. पण एक अकरा वर्षांचा मुलगा ‘उचल’ म्हणेपर्यंत ते ज्ञान कपाटात होतं.

शेवटी मूल घरी गेलं. पैशाची सोय, कारखानदाराविरुद्ध कारवाई, शाळेत परत नाव, सगळं मिळून साडेचार महिने लागले. कायद्याप्रमाणे चौकशी संपून अंतिम आदेश व्हायला हवा तो चार महिन्यांत. त्यातले दोन महिने तरी माझे होते. तो महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत होता. बालगृहातल्या मुलांची शाळा गुजराती माध्यमाची. त्याची वार्षिक परीक्षा बुडाली.

यानंतर मला प्रश्न पडला, की मला हे कोणी, कधी शिकवायला हवं होतं?

बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना, प्रधान दंडाधिकाऱ्यांसकट, नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यावं, असं कायदाच सांगतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा आणि तो प्रशिक्षित असावा, हेही कायद्यात आहे. न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, राज्याराज्यांत अकादम्या आहेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांसाठीही वर्ग होतात. आणि खासगी वकीलपत्र घेऊन त्याच खोलीत उभा राहणारा वकील? त्यानं सनद घेतली की झालं. आता नव्या मुलांना बार परीक्षा द्यावी लागते, पण तीही एकदाच. त्यानंतर तीस वर्षं त्यानं एकही नवं पान वाचलं नाही तरी देशभर लागू असा कोणताही नियम त्याला अडवत नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत वकिलांना दर काही वर्षांनी ठराविक तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. मुलाच्या छळाचं किंवा दुर्लक्षाचं प्रकरण न्यायालयात गेलं की मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमावा, आणि त्याला त्या कामाचं प्रशिक्षण असावं, ही अट तिथल्या केंद्रीय कायद्यात २००३ पासून आहे. आपल्याकडे अशी सक्ती यावी का? मुलांच्या प्रकरणांपुरती यावी, असं मला वाटतं. पण सक्तीवर माझा फार भरवसा नाही. हजेरीपटावर सही करून मागच्या दारानं चहाला जाणारी मंडळी मी आमच्याच कार्यशाळांत पाहिली आहेत. एकदोनदा मी स्वतःही गेले आहे.

कायदा तर थांबत नाही. एकच उदाहरण देते. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनं तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला, अंमल १ सप्टेंबर २०२२ पासून. मग २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, की तिथली प्रलंबित प्रकरणं दंडाधिकाऱ्यांकडे वर्ग करू नयेत. म्हणजे वापीच्या अलीकडे एक चित्र, पलीकडे दुसरं. त्या काळात माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला त्यांच्या आधीच्या वकिलानं चुकीच्या दारात तीन महिने उभं केलं होतं. बाळ तोवर संस्थेत.

‘संस्थेत सुरक्षित आहे’ हे वाक्य आम्ही वकील फार सहज बोलतो. कायद्याबाहेरचं काय वाचावं असं कोणी विचारलं तर मी बुखारेस्टच्या अभ्यासाचं नाव घेते. रोमानियातल्या अनाथालयांमधली १३६ तान्ही आणि लहान मुलं. २००० साली काम सुरू झालं. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून निम्मी मुलं पालक-कुटुंबांत पाठवली, बाकीची तिथली नेहमीची व्यवस्था होती तशी राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला बिलगणं, सगळ्यात फरक दिसला, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत जास्त. हे वाचल्यावर तान्ह्या बाळाच्या प्रकरणात ‘पुढची तारीख द्यावी’ म्हणताना माझी जीभ अडखळते. टाकलेल्या किंवा अनाथ मुलाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करायची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने आणि मोठ्या मुलासाठी चार महिने का ठेवली असेल, हेही मग कळतं.

त्या प्रकरणानंतर आम्ही चार वकिलांनी एक बैठक सुरू केली. महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी चार वाजता, बार रूमच्या मागच्या खोलीत. नाव काही नाही, शनिवार म्हणतो. एकजण आपली संपलेली फाईल आणतो, नावं, पत्ते, शाळा काळ्या शाईनं झाकून. सगळ्यात आधी सामाजिक तपासणी अहवाल मोठ्यानं वाचायचा. पहिला अर्धा तास कलमाचा आकडा उच्चारायचा नाही. उच्चारला तर दहा रुपये दंड, तो चहात जातो. सुरुवातीला चहा नेहमी फुकट असायचा.

मग एक खेळ असतो. एकजण मूल होतो, दुसरा त्याला प्रश्न विचारतो, बाकीचे ‘ना’ मोजतात. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी, ज्यांच्या उलटतपासणीला भलेभले साक्षीदार घाबरतात, दहा मिनिटांत चौदा ‘ना’ वापरले. मोजणी त्यांना मान्य नव्हती. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग केलं. तेव्हा अकरा.

व्हरांड्यात मला जिनं विचारलं होतं, ती समाजकार्यकर्ती दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून येऊ लागली. अहवाल लिहायला तिला किती घरं फिरावी लागतात, एका घराला किती वेळ मिळतो, हे तिच्याकडून ऐकल्यावर अहवालावर तुटून पडायची आमची खुमखुमी कमी झाली. उलट काय राहून गेलंय ते आम्ही आधीच तिला सांगायला लागलो. एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांनी शिकवलं की पाच वर्षांच्या मुलाला ‘कधी?’ विचारून उपयोग नाही, ‘गणपती बसले होते का तेव्हा?’ असं काहीतरी विचारावं. लगेच एकजण म्हणाला, हाही सूचक प्रश्नच झाला. त्यावर तास गेला. ‘त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं?’ यावर कसाबसा समेट झाला. बेंगळुरूच्या निम्हान्सचा ‘संवाद’ हा उपक्रम मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण घेतो, त्यातली काही सत्रं आम्ही एकत्र बसून पाहिली. इंग्रजी जड जातं तिथे थांबवून मराठी-गुजरातीत बोलतो.

सगळ्यात अवघड प्रश्न शनिवारीही सुटलेला नाही. आपण कोणाचे वकील? फी आई देते किंवा बाप देतो. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांनी मला नेमलं होतं. मुलगी मला एकटीला म्हणाली, मला त्या घरी जायचं नाही. ते मी वडिलांच्या बाजूनं मांडू शकत नव्हते आणि लपवूही शकत नव्हते. मी वकीलपत्र सोडलं आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलीला स्वतंत्र वकील मिळावा म्हणून अर्ज करायला तिला मदत केली. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. आमच्यातले दोघं अजून म्हणतात की मी वडिलांचा विश्वासघात केला. तिनं सांगितलेलं मी बाहेर कोणालाही सांगितलं नव्हतं, तरी त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. बाप बाहेर माझ्यासमोर रडला होता.

बैठकीला कधी नऊ जण असतात, कधी तीन. कोविडमध्ये दीड वर्ष बंदच होती. ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत, ही तक्रार सगळ्या वर्गांची असते तशी आमचीही आहे. तुमच्या गावात करायचं असेल तर चार माणसं, एक संपलेली फाईल आणि काळ्या शाईचं पेन पुरतं. पण त्या चारांतला एक तरी वकील नसावा.

तो मुलगा मागे एकदा ऑफिसात आला होता. आयटीआयच्या प्रवेशासाठी जुन्या आदेशाची नक्कल हवी होती, वयाच्या कागदांत काही घोळ होता. मिसरूड फुटलेली, उंच झालेला. मी कपाटातून फाईल काढता काढता विचारलं, ‘काय रे, बरं चाललंय ना?’

‘हो,’ तो म्हणाला.

माझंच मला ऐकू आलं. फाईल तशीच टेबलावर ठेवली, त्याला खुर्चीवर बसवलं आणि खाली दोन चहा सांगितले. म्हटलं, ‘आता सकाळी उठल्यापासून काय काय होतं, सांग.’